विषय : पुस्तकं ठेवल्यामुळे वाकलेलं पुस्तकांचं शेल्फ, आणि त्यावर मिळालेलं उत्तर

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

बिल, फोटो आणि तक्रार क्रमांक तुमच्याकडे आहेत, ते पुन्हा मागू नयेत. तुमच्या प्रतिनिधीशी आत्ताच बोलणं झालं आणि फोन ठेवून लगेच हे लिहायला बसले आहे. भाषा तापलेली वाटली तर ती तापलेलीच आहे.

वस्तूची ओळख करून द्यायला नको. 120 सेंटिमीटर लांब, 75 सेंटिमीटर उंच, चार कोपऱ्यांत चार निमुळते पाय, वॉलनट फिनिश, आणि आत एकही उभा पार्टिशन नाही. जाहिरातीत कौतुक नेमकं याच गोष्टीचं आहे : 'अखंड आडवी रेषा'. मीही ते त्याच रेषेसाठी घेतलं. खिडकीच्या खाली बसतं, वरची भिंत मोकळी राहते, खोली मोठी वाटते. ती अखंड रेषा आता मधोमध चांगली दोन बोटं खाली गेली आहे. मधल्या फळीची झोळी झाली आहे. खालच्या फळीला मध्ये पाय नसल्यामुळे तीही त्याच वाटेने निघाली आहे. फळ्या वाकल्या तसा पाठीचा 3 मिलिमीटरचा हार्डबोर्ड बारीक खिळ्यांसकट सुटला. तो सुटल्यावर अख्खा सांगाडा एका बाजूला कलला, कारण असा सांगाडा काटकोनात धरून ठेवण्याचं काम ती पाठच करत असते. हे मी तुम्हाला का सांगते आहे? बनवलंय तुम्हीच.

आता तो संवाद. शक्य तितका शब्दशः देते आहे. तुमच्याकडे रेकॉर्डिंग असेलच, 'गुणवत्ता वाढवण्यासाठी' ठेवता ना.

"मॅडम, शेल्फवर काय ठेवलं होतं?"

"पुस्तकं."

बराच वेळ कीबोर्डचा आवाज.

"किती पुस्तकं?"

"मावली तेवढी."

"म्हणजे फुल भरलंय?"

"हो."

"मग ते ओव्हरलोडमध्ये येतं मॅडम. वॉरंटीत बसत नाही."

मी विचारलं, पुस्तकांचं शेल्फ पुस्तकांनी भरायचं नाही का? त्यावर उत्तर : "मॅडम, हे डेकोरेटिव्ह मॉडेल आहे. फोटोत बघा ना, आम्हीपण कमीच ठेवलीत." मी फोटो उघडून पाहिला. बरोबर आहे. तीन पुस्तकं आडवी, त्यांवर एक दगड, बाजूला फुलदाणी, पलीकडे दोन पुस्तकं पाठ भिंतीकडे करून. म्हणजे कंपनीला आधीपासून माहीत होतं! मग त्यांनी अगदी मायेने विचारलं, "मॅडम, वाचून झालेली पुस्तकं ठेवायलाच पाहिजेत का?"

मी काही बोलले नाही. त्या शांततेचा अर्थ त्यांनी होकार असा लावला असावा, कारण पुढचा सल्ला लगेच आला : "फळी उलटी करून लावा, आपोआप सरळ होईल." साहेब, तुमच्या फळीला मिनिफिक्सची, म्हणजे फळ्या जोडणाऱ्या फिरकी-बोल्टची, भोकं खालच्या बाजूने पाडलेली आहेत. उलटी केली तर ती वर येतात आणि बोल्टही जुळत नाहीत. शिवाय चिपबोर्डातून एकदा काढलेला स्क्रू परत तितका घट्ट बसत नाही. तुमचं स्वतःचं उत्पादन तुमच्या माणसाने एकदा तरी जोडून पाहिलं आहे का?

वजनाचं म्हणाल तर ते सरळ आहे. नेहमीच्या आकाराची पुस्तकं उभी लावली की मीटरला साधारण 25 किलो भरतात; कोश, ॲटलास असतील तर जास्त. म्हणजे 120 सेंटिमीटरच्या फळीवर 30 किलो. तुमची मर्यादा 12 किलो. म्हणजे निम्मी फळीसुद्धा भरायची नाही. आणि ही मर्यादा छापली आहे कुठे? जोडणीच्या माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर, जे खोक्यात असतं. खोकं पैसे भरल्यावर येतं.

15 मिलिमीटरच्या चिपबोर्डाला मध्ये टेकू न देता 120 सेंटिमीटर पळवायचं, हा निर्णय कोणी घेतला? लांबी दुप्पट केली आणि मीटरमागचं वजन तेच ठेवलं, तर फळी सोळापट वाकते. 60 सेंटिमीटरवर एक पार्टिशन दिलं असतं तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. पार्टिशन नको होतं तर 25 मिलिमीटरची फळी द्यायची, ती साडेचारपट ताठ असते. तेही नको, तर पुढच्या कडेला खालून एक उभी लाकडी पट्टी. कोणताही सुतार न विचारता ती मारतो. उंच कपाटात पुस्तकं एकावर एक चढतात, बुटक्या शेल्फात ती आडवी पसरतात, त्यामुळे बुटकं शेल्फ जितकं देखणं तितकी त्याची फळी भक्कम हवी. तुम्ही देखणेपण ठेवलंत आणि फळी बारीक केलीत.

आणखी एक, जाता जाता. दोन फळ्यांमधली जागा 28 सेंटिमीटर आहे. ए-फोर आकाराचं पुस्तक 29.7 सेंटिमीटर उंच असतं. ते तिथे उभं राहत नाही. बहुधा तेही डेकोरेटिव्ह कारणासाठीच असेल.

पुन्हा सांगते, वजनाची मर्यादा वेबसाइटवर नाही. लांबी आहे, रुंदी आहे, रंगाची चार नावं आहेत, 'घराला नवं व्यक्तिमत्त्व' आहे. 12 किलो नाही. ते असते तर मी हे घेतलंच नसतं, आणि ते तिथे का नाहीत हे तुम्हालाही ठाऊक आहे.

तुमचंच लिहिण्याचं टेबल माझ्याकडे आहे. जुनं आहे, दणकट आहे, आणि त्याच्या भरवशावर मी ओळखीतल्यांना तुमचं नाव सुचवत आले. आता ते लोक मला शेल्फबद्दल विचारतात. काय सांगू?

मला पूर्ण पैसे परत हवेत आणि शेल्फ तुमच्या खर्चाने न्यायला हवं. बदली म्हणून तीच 15 मिलिमीटरची फळी पाठवू नये, ती मी दारातून परत करीन. कुपन नको. पुढच्या खरेदीवर सूट तर मुळीच नको. आठवड्याभरात लेखी उत्तर आलं नाही तर बिल, माहितीपत्रकाचं शेवटचं पान आणि तुमच्या जाहिरातीतला तो फोटो घेऊन मी ग्राहक न्यायालयात जाईन, आणि वाकलेल्या फळीचा फोटो तुमच्या उत्पादनाच्या पानावर अभिप्राय म्हणून टाकीन. तिथे निदान एका फोटोत तरी शेल्फवर पुस्तकं दिसतील.

उत्तर ईमेलने द्यावं. फोन करू नये.

एक ग्राहक