शरभाला चारच पाय दिले आहेत

तीर्थरूप आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

फोन केला की आई तो बाबांच्या हातात देते आणि बाबा "बघू, जेवलीस का?" एवढं विचारून ठेवून देतात. म्हणून लिहायला बसले. पुण्याच्या नोकरीचा राजीनामा मंजूर झाला. एक तारखेला हैदराबादला रुजू होतेय. हे तुम्हाला विचारून नाही, ठरवून सांगतेय. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला नसतात, नुसते गप्प झाला असतात, आणि मग माझा पाय निघाला नसता.

आधी तुमच्या काळजीचं. पगार थोडा कमी आहे, पण पीएफ आहे आणि मेडिक्लेममध्ये तुम्ही दोघंही आहात. जागा दोन खोल्यांची, घरमालक वरच राहतात, पाणी चोवीस तास, गीझर चालू आहे (मी स्वतः नळ सोडून बघितला). पोळ्यांना मावशी मिळाल्यात. ज्वारीची भाकरीही तिकडे मिळते, त्यामुळे आई, पिठाचा डबा भरू नकोस. शेंगदाण्याची चटणी दे. लाडू नकोत. बरं, थोडे दे.

आता तिथल्या, गेम स्टुडिओतल्या कामाचं; ते आधीच सुरू झालंय. "पोरगी गेममधले राक्षस काढते" असं शेजारच्या काकूंना सांगू नका. ते जनावर आहे, आणि त्याचं शरीर जुळवायचं काम माझं: हाडं, चाल, खाणं, वेत. आणि जनावर कुठलं, तर शरभ, पुराणातलं ते कल्पित जनावर. जंजिरा किल्ल्याच्या दरवाजावर कोरलेला. होडी तटाशी जाईपर्यंत तो दरवाजा दिसतच नाही, आणि दिसतो तेव्हा हा पठ्ठ्या हत्ती पंजात धरून उभा. बाबा, तेव्हा मला कडेवर घेऊन तुम्ही काय म्हणालात? "याला दिवसाला खायला किती लागत असेल?" नावाडी हसला होता. मी बिघडले ती तिथे.

आणि थोडं आजीमुळे. शांतिपर्वातली तिची कुत्र्याची गोष्ट आठवते ना? बिबट्याला घाबरतो म्हणून ऋषी त्याला बिबट्या करतात, मग वाघ, मग हत्ती, मग सिंह, आणि शेवटी आठ पायांचा शरभ, ज्याच्यापुढे सिंहसुद्धा पळतो. तो ऋषींवरच उठतो आणि पुन्हा कुत्रा होतो. आजीला त्या कुत्र्यापाशी थांबायची घाई असायची. मला मात्र शरभ झोपतो कुठे, हे हवं असायचं. ती म्हणायची, "झोप आता, तोही झोपलाय."

त्याचे आठ पाय मी काढून टाकले. पाठीचा कणा असलेल्या एकाही प्राण्याला हातपाय मिळून चाराच्या वर काही नाही. पक्ष्याचे पंख काय नि वटवाघळाचे काय, ते त्यांचे पुढचे पायच. पुराणातल्या शरभाला आठ पाय, वर पंख. एवढं सगळं जोडायला खांद्याची हाडं आणायची कुठून? जंजिऱ्याचा पाथरवट शहाणा, त्याने चारच ठेवले. पंख मात्र मला सोडवेनात. मग उडता सरडा आठवला, सह्याद्रीत दक्षिणेकडे असतो तो. त्याच्या बरगड्याच लांबून बाहेर येतात आणि त्यांच्यावर कातडी ताणलेली असते. शरभालाही तसेच दिले. तो त्यांनी उडत नाही. हत्ती कान हलवून रक्त थंड करतो, तसा हा पडदे उघडून अंग निववतो, आणि समोरच्याला दुप्पट मोठा दिसतो.

आकारावरून स्टुडिओत वाद झाला. त्यांना हत्तीच्या दुप्पट हवा होता. मी सांगितलं, लांबी-रुंदी-उंची दुप्पट केली की वजन आठपट होतं, हाडाची ताकद मात्र चौपटच. गॅलिलिओने हे 1638 साली लिहून ठेवलंय. म्हणून तर हत्ती पाय खांबासारखे सरळ ठेवून चालतो आणि त्याला उडी मारता येत नाही. आमच्या शरभाला झेप घ्यायची आहे. शेवटी 1,000 किलोवर आणला, दाजीपूरच्या थोराड गव्याएवढा. (आई, हे वजनाचं गणित तुझ्या गुडघ्यांना उद्देशून नाही, असं मी म्हणणार नाही.)

बाबा, तुमच्या त्या प्रश्नाचं उत्तरही सापडलं, निदान आडून. मांसाहारी प्राण्यांचा ढोबळ हिशेब असा की 90 किलो शिकाऱ्यामागे रानात 10,000 किलो शिकार जिवंत हवी. शरभाला लावून बघा: 1 लाख 11 हजार किलो. सरासरी 700 किलोचा गवा धरला, तरी एका शरभामागे दीडशेवर गवे झाले. यांना पडद्यावर वीस शरभांची टोळी हवी होती! खाणार काय, एकमेकांना? म्हणून तो एकटा राहतो. हद्द मुतून, झाडं ओरबाडून राखतो, आणि माणसाच्या कानाला न येणाऱ्या खालच्या आवाजात हत्तींसारखी लांबवर साद घालतो. शिकार झाली की पोट तट्ट फुगेपर्यंत खातो आणि दोन-तीन दिवस तिथेच आडवा. "झोपलेला राक्षस कोण बघणार?" असं वरचे म्हणाले. मी म्हटलं, ज्याच्या शेजारून दबकत जायचं तो झोपलेलाच असावा. अर्धं पटलंय.

मादीचं काम अजून अडलंय, तिथे बाबा तुम्ही हवेत. म्हैस दहा महिने, हत्तीण बावीस, वाघीण मात्र साडेतीनच महिन्यांत मोकळी. पोटाचं ओझं घेऊन शिकार जमत नाही म्हणून मी गाभण काळ आखूडच ठेवला, आणि पिल्लं इवलीशी, डोळे मिटलेली. ध्रुवीय अस्वलाचं पिल्लू अर्ध्या-पाऊण किलोचंच असतं, आई केवढी! पण मायेचं अंग, कासेची ठेवण, व्यायच्या आधी ती खाणं सोडते का, हे गुरांच्या दवाखान्यात जन्म घालवलेल्या माणसालाच ठाऊक. कागद सोबत जोडलेत. लाल पेनने खुणा करा, हात राखू नका.

वाघांचे बछडे दोनेक वर्षांत आईपासून सुटे होतात. मुलगे लांब जातात, मुली बऱ्याचदा आईच्या हद्दीला लागूनच आपली हद्द करतात. शरभाच्या मुलींनाही मी तसंच ठेवलंय. हैदराबाद काही हद्दीला लागून नाही, ठाऊक आहे. पण पुण्याहून तरी मी महिन्यातून एकदाच यायचे, आणि आले की निम्मा वेळ झोपायचे. यापुढेही येईन. तुमचं काही दुखलं-खुपलं तर त्याच रात्रीच्या बसने.

आता मुकाट्याने ऐका. बीपीची गोळी नाश्त्यानंतर, "बरं वाटतंय" म्हणून बंद करायची नाही. बाबांनी माळ्यावर चढायचं नाही. गणपतीची आरास उतरवायला मी येतेय. दूध आणायला स्कूटर नको, चालत जा, फक्त पाऊस असेल तर जाऊ नका. आईने फिजिओची वेळ घेतली की मला मेसेज करायचा, आणि तिथे "जरासं दुखतं" म्हणायचं नाही, दुखतं तेवढं सांगायचं. न्हाणीघरासाठी रबरी मॅट पाठवलीय, ती गुंडाळून कपाटावर ठेवू नका.

पंचवीस तारखेला येतेय, चार दिवस राहीन. बाबा, तोवर कागद बघून ठेवा.

तुमची,
छकुली

ता. क. गोधडी मी घेऊन जाणार आहे, धुवायला काढू नकोस.