आधी गच्ची, मग रंग

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर जवळ आला की हिवाळी अधिवेशनासाठी रविभवन, नागभवन आणि आमदार निवासात रंगरंगोटीची लगबग सुरू होते. त्याला माझा विरोध नाही. परंतु बांधकाम खात्यात उभी नोकरी केलेला माणूस म्हणून सांगावेसे वाटते, की सरकारी इमारतीला रंगाआधी गच्चीची काळजी हवी असते आणि ती मृग लागण्यापूर्वी हवी असते.

गेल्या जुलैमध्ये शहरातील एका शासकीय कार्यालयात दाखल्यासाठी गेलो, तेव्हा अभिलेख कक्षातील कपाटांवर प्लास्टिक अंथरलेले होते आणि मधोमध बादली ठेवली होती. शिपायाला घेऊन गच्चीवर गेलो. पाणी उतरणाऱ्या पाइपाच्या तोंडात पिंपळाचे हातभर रोप माजले होते, त्यामागे घोटाभर पाणी तुंबले होते आणि कोब्याला बोट जाईल एवढी भेग होती. रोप काढून पाइप मोकळा करायला आम्हा दोघांना दहा मिनिटे लागली. खालच्या भिंतींना मात्र त्याच वर्षी नवा रंग दिलेला होता, त्याचे पोपडे फायलींवर पडत होते.

असे मुरलेले पाणी स्लॅबमधील सळयांपर्यंत पोचले की त्या गंजतात, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापत असल्यामुळे काँक्रीट फोडून बाहेर येतो. त्यात आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे भेगा पडणारच. स्थापत्यशास्त्रात डी सिटर यांचा पाचपटीचा ढोबळ नियम आहे: बांधतानाच १ रुपया नीट खर्च केला नाही, तर देखभालीला ५, गंज धरल्यावर दुरुस्तीला २५ आणि तो सर्वत्र पसरल्यावर १२५ रुपये मोजावे लागतात.

हे खात्यात सर्वांना ठाऊक असते. अडचण अशी, की इमारत वापरणारे कार्यालय वेगळे, दुरुस्ती करणारा विभाग वेगळा, आणि निधी खर्ची पडतो तो मार्चअखेरच्या घाईत. ३० वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेणे महापालिका कायद्याने मालकावर बंधनकारक आहे. मग शासनानेही मालक म्हणून प्रत्येक इमारतीची एक नोंदवही ठेवावी. तीत बांधकामाचे वर्ष, नकाशे, गच्चीचे जलरोधन, वायरिंग व अग्निशमन यंत्रणेची तपासणी यांच्या तारखा असाव्यात आणि दरवर्षी ३१ मेपूर्वी शाखा अभियंता व कार्यालयप्रमुख या दोघांनी तीवर सही करावी. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील आगीत १० नवजात बालके गेली, हे आपण विदर्भातील माणसांनी तरी विसरू नये.

येत्या अधिवेशनात विदर्भातील एखाद्या सदस्याने एवढाच प्रश्न विचारावा: नागपुरातील किती शासकीय इमारतींच्या गच्च्या यंदा पावसाळ्याआधी तपासल्या गेल्या आणि कोणत्या तारखांना?

– एक निवृत्त कनिष्ठ अभियंता, नागपूर