जाहिरातीतली बाग आणि आमची चाळ

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या अंकाची दोन पाने उलटली तेव्हा कुठे पहिली बातमी सापडली. त्याआधी सगळा टॉवर. त्याबद्दल तक्रार नाही. जाहिरातींवर पेपर चालतो हे कळण्याइतके पावसाळे पाहिलेत. पण हा टॉवर आमच्याच गल्लीच्या तोंडाशी उभा राहतोय, म्हणून चष्मा लावून चित्र बघितले. रेल्वेचा पूल ओळखला, मागची गिरणीची चिमणीही. टॉवरच्या पायथ्याशी हिरवळ, कारंजे आणि कुत्र्याला फिरवणारी एक बाई. ती बाई जिथे उभी आहे तिथे आमचा सार्वजनिक नळ आहे. कुत्रा साधारण माझ्या खोलीत.

तीन मजल्यांची चाळ, अंगणातले मारुतीचे देऊळ, गणपतीचा मांडव पडतो ती जागा, सगळे साफ! खाली मुंगीच्या अक्षरात लिहिले आहे, 'चित्र कल्पनेतील'. महारेराने, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, 1 ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केला आहे, तो नातवाने मोबाइलवर उघडला. नकाशात प्रकल्पाची हद्द आमच्या गटाराच्या अलीकडेच संपते. म्हणजे बाग त्यांच्या जागेत नाहीच, ती आमच्या डोक्यावर लावली आहे. जाहिरातीला भुलून घर घेणाऱ्याला रेरा कायद्यात भरपाई आहे. शेजाऱ्याला चित्रातून खोडले तर त्याने कुठे जायचे?

खरे तर इथे बाग व्हायचीच होती. 1991च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे ठरले होते: एक पालिकेला मैदाने-बागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. 2001मध्ये नियम फिरला. वाटणी फक्त आवारातल्या मोकळ्या जागेची, बांधकामाखालची जमीन त्यातून वगळली. आता गिरणीत मोकळी जागा ती किती! वडील गिरणीत साच्यावर (कापड विणायच्या मागावर) होते, 1982च्या संपात बाहेर पडले ते कायमचे. शेड आणि गोदामांच्या मधे विडी ओढायला उभे राहायचे तरी अंग चोरावे लागे, असे ते सांगायचे. प्रकरण कोर्टात गेले, हायकोर्टाने गिरणगावाच्या बाजूने कौल दिला, 2006मध्ये सुप्रीम कोर्टाने तो फिरवला. श्रीनिवास मिलच्या जागेवर 280 मीटरचा 'वर्ल्ड वन' झाला. वाट्याची बाग मात्र आता अशी रविवारच्या रविवारी छापून येते.

टॉवरला माझा विरोध नाही. आमच्याही पुनर्विकासाच्या बैठका चालू आहेत (दर बैठकीत दोन तट आणि चहा), मंजुरी मिळाली तर आम्हीही वरच जाणार. चाळीतल्या दोघी शेजारच्या जुन्या टॉवरमध्ये स्वयंपाकाला जातात, त्यावर त्यांची घरे चालतात. पण जाहिरातीत पार्किंगचेच आठ मजले आहेत. पालिकेच्या नियमात मोठ्या गाडीची जागा अडीच बाय साडेपाच मीटर, म्हणजे 148 चौरस फूट. माझी खोली दहा बाय बारा, 120. गुणाकार चुकला असेल म्हणून नातवाकडूनही करून घेतला. गिरणी कामगारांना सोडतीत जी घरे मिळाली ती 225 चौरस फुटांची, दीड गाडी मावेल एवढी.

आपणाकडे एकच मागणे आहे. पुढची जाहिरात येईल तेव्हा आपल्या जाहिरात विभागाने एवढे विचारावे, की चित्राच्या कडेला जे दाखवले आहे ते जागेवर आहे का. आमची चाळ पिवळी आहे, कौले मंगलोरी, जिना उजवीकडे. गॅलरीतले वाळत घातलेले कपडे नाही काढले तरी चालतील.

आपला,
एक जुना वाचक, लोअर परळ (जाहिरातीत 'अप्पर वरळी')