आरशासमोरच्या घोषणांनी आत्मविश्वास येत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नोकरीविषयक पुरवण्यांत आणि कंपन्यांच्या प्रशिक्षण वर्गांत एक सल्ला हमखास भेटतो : रोज सकाळी आरशासमोर उभं राहून ‘मी यशस्वी आहे, मला सगळं जमतं’ असं दहा वेळा म्हणा. स्वतःशी बोलण्याचा कामावर उपयोग होतो, यात शंका नाही. पण हा सल्ला असाच्या असा पाळला, तर ज्याला आधाराची सर्वाधिक गरज आहे तोच आणखी खचतो.

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या जोअॅन वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ हे वाक्य पुन्हापुन्हा म्हटल्यावर, स्वतःबद्दल आधीच चांगलं मत असलेल्यांना थोडं बरं वाटलं. ज्यांचं ते मत खालावलेलं होतं, त्यांना मात्र वाक्य न म्हणणाऱ्यांपेक्षाही वाईट वाटलं. मोठं वाक्य उच्चारलं की मन लगेच उलटतपासणी घेतं. ‘मी उत्तम बोलतो’ म्हणावं, तर सोमवारच्या मीटिंगमधलं ततपप आठवतं. म्हणून वाक्य असं हवं की ते आपल्याच मनाला खोडता येऊ नये. ‘मला सगळं जमतं’ऐवजी ‘गेल्या महिन्यात तीन अहवाल वेळेत दिले, एकात बेरीज चुकली, आता बेरीज दोनदा तपासतो’. हे ऐकायला रुबाबदार नाही, पण खरं आहे, आणि पुढे काय करायचं तेही त्यात आहे.

सुरुवात चांगल्या वाक्यांपासून करूच नये. आधी सात दिवस आपण स्वतःला काय ऐकवतो ते टिपावं. खिशातल्या वहीत वेळ, प्रसंग आणि मनातलं वाक्य, जसंच्या तसं : ‘परत माती खाल्ली’, ‘आपल्याला नाही जमायचं’, ‘सगळे हसत असणार’. आठवड्याने वही उघडून ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘सगळे’, ‘काहीच’ या शब्दांखाली रेघ मारावी. बहुतेकदा दोन-तीनच वाक्यं फिरूनफिरून येतात असं दिसतं. बदलायची तेवढीच. एकदम पंधरा वाक्यं बदलायला गेलं, की चौथ्या दिवशी वही कपाटात जाते.

नवं वाक्य शाबासकीचं असण्यापेक्षा सूचनेचं असावं. खेळांतल्या कामगिरीवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०११ मध्ये ग्रीसमधल्या संशोधकांनी घेतला. त्यात नव्याने शिकायच्या कामांत स्वसंवादाचा फायदा अधिक दिसला, आणि बारीक कौशल्याच्या कामांत ‘तू करू शकतोस’ यापेक्षा ‘काय कर’ हे सांगणं जास्त उपयोगी ठरलं. आपल्या रेल्वेत लोको पायलट आणि त्याचा सहायक सिग्नल दिसताच तो काय दाखवतोय हे मोठ्याने म्हणतात, त्यामागेही लक्ष एका जागी बांधून ठेवणं हाच हेतू आहे. बँकेत नव्याने लागलेल्या मुलीने चेक हातात घेताना ‘तारीख, अक्षरी रक्कम, अंकी रक्कम, सही’ एवढं पुटपुटलं, तर चुका कमी होतात. धीर त्यातून येतो.

मराठी माध्यमातून शिकून हिंजवडीच्या कंपनीत रुजू झालेल्या तरुणाचं उदाहरण इथे मुद्दाम घ्यायला हवं. त्याला काम येत असतं, अडतं ते इंग्रजी मीटिंगमधल्या पहिल्या वाक्यापाशी. त्याने पहिली दोन वाक्यं आदल्या संध्याकाळी लिहून मोठ्याने पाच वेळा म्हणावीत, तीही इंग्रजीतच. स्वतःला द्यायची सूचना मात्र मराठीत असावी, कारण मनातली बोलणीही तो मराठीतच खातो. ‘माझं नाव घेतलं की आधी आकडा सांगेन, मग कारण’ अशी ‘अमुक झालं की तमुक करेन’ या बांधणीची सूचना प्रसंग येताच आपोआप आठवते. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये या बांधणीचा उपयोग सविस्तर मांडला होता. प्रत्यक्ष मीटिंगमध्ये फक्त तीन शब्द : ‘हळू. आधी आकडा.’ त्याहून लांब काही घोकत बसलं, तर समोरचा काय विचारतोय ते कानावरून जातं.

सूचनेत ‘नको’ नसावं. ‘अडखळू नकोस’ म्हटलं की लक्ष अडखळण्यावरच जातं. ‘वाक्य संपलं की श्वास घे’ असं म्हणावं. छाती धडधडत असेल तर ‘शांत हो’ ही आज्ञाही फारशी चालत नाही, कारण शरीर तेवढ्यात शांत होत नसतं. हार्वर्डच्या अॅलिसन वूड ब्रूक्स यांच्या २०१४ च्या प्रयोगांत, भाषणाआधी ‘मी उत्साहात आहे’ म्हणणारे ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा चांगलं बोलले. आपल्याकडे यासाठी ‘हुरूप आलाय’ हा नेमका शब्द आहे.

स्वतःला ‘मी’ म्हणण्याऐवजी नावाने हाक मारणंही उपयोगी आहे. मिशिगन विद्यापीठाच्या ईथन क्रॉस यांच्या गटाला २०१४ मध्ये असं आढळलं, की नावाने किंवा ‘तू’ म्हणून स्वतःशी बोलणाऱ्यांना भाषणाचा ताण कमी जाणवला आणि नंतरचं कुढणंही कमी झालं. मनाला ‘मना’ अशी हाक मारून चार गोष्टी सांगायची रीत आपल्या संतांनी शतकांपूर्वीच घालून दिली आहे, त्यामुळे मराठी माणसाला हे परकं वाटू नये. सोबतच्या नवख्या सहकाऱ्याला जसं समजावू, तोच सूर स्वतःशी ठेवावा.

प्रसंग संपल्यावर दोन ओळी लिहाव्यात : काय नीट झालं, पुढच्या वेळी काय वेगळं करायचं. हा भाग बहुतेक जण गाळतात, आणि तिथेच सगळं विरतं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्येच सांगितलं होतं, की ‘हे मला जमेल’ या भावनेचा सर्वांत भक्कम आधार प्रत्यक्ष केलेलं काम असतो. शब्दांचा आधार त्यापुढे कमी पडतो. सराव न करता वाक्यंच म्हणत राहिलं, तर पहिल्याच अपयशात ती वाक्यंही खोटी वाटू लागतात.

प्रशिक्षण घेणाऱ्या कंपन्यांना एक सांगायचं आहे. दोघांचं काम एकावर टाकलं असेल, किंवा साहेब चारचौघांत पाणउतारा करत असतील, तर तिथे कर्मचाऱ्याच्या मनातलं वाक्य बदलून काही होणार नाही, कामाची वाटणी आणि साहेबांची वागणूक बदलावी लागेल. लैंगिक छळाची तक्रार असेल, तर दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे. आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली असेल, कामावर जायच्या विचारानेच पोटात गोळा येत असेल, तर वही बाजूला ठेवून तज्ज्ञांशी बोलावं. केंद्र सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस ही फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, आणि तिथे मराठीतूनही बोलता येतं.

आपल्या,
कर्मचारी समुपदेशनाचं काम करणाऱ्या दोन वाचक, पुणे