‘आर्चर छिद्रण’ म्हणून विकलेल्या दोन पेनी रेड तिकिटांबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय: ‘पेनी रेड, आर्चर छिद्रण १६’ हा लॉट वर्णनाप्रमाणे नसल्याबाबत

महोदय,

तुमच्याकडून घेतलेला दोन पेनी रेडचा (ब्रिटनच्या एक पेनीच्या जुन्या लाल टपाल तिकिटांचा) लॉट परत घ्यायला नकार देताना तुमच्या विभागाने एकच कारण दिले आहे: गेजवर (दर २ सेंटीमीटरला किती छिद्रे, हे मोजणाऱ्या पट्टीवर) १६ भरते, म्हणजे आर्चरच. हेन्री आर्चरने १८५० मध्ये चाचणीसाठी छिद्रे पाडलेल्या तिकिटांचे माप १६ होते, हे खरे. पण त्याच्या छिद्रण यंत्राचे हक्क ४,००० पौंडांना विकत घेऊन ब्रिटिश सरकारने १८५४ पासून जी पहिली छिद्रित तिकिटे विकली, तीही १६ चीच आहेत. नुसत्या गेजवर आर्चर ठरत नाही.

आधी कोपऱ्यातली अक्षरे पाहावी लागतात. आर्चरच्या चाचण्या प्रामुख्याने प्लेट (छपाईचा ठसा) क्रमांक ९० ते १०१ च्या तावांवर झाल्या आणि त्यांवर पहिल्या वळणाची, लहान अक्षरे आहेत. लॉटमधल्या पहिल्या तिकिटावर १८५२ मध्ये आलेली मोठी, ठसठशीत अक्षरे आहेत. म्हणजे हे साधे सरकारी तिकीट. तुमच्याच फोटोत ती स्वच्छ दिसतात.

दुसऱ्याचे प्रकरण जास्त गंभीर आहे. अक्षरे जुनी, पण उभ्या कडा १६ आणि आडव्या जेमतेम १५. समोरासमोरच्या कडा समांतर नाहीत. छपाईच्या वेळी ओलवलेला कागद सुकताना आकसे, त्यामुळे चित्र मध्यापासून सरकलेले चालते. कडाच तिरक्या असणे ही वेगळी गोष्ट. १० पट भिंगाखाली पाहा: रद्द शिक्क्याच्या काळ्या पट्ट्या दातांशी येऊन थांबतात आणि तुटलेले तंतू कोरे आहेत. छिद्रे आधीची असती तर शाई तंतूंत उतरली असती. रुंद कडांच्या विनाछिद्र तिकिटाला मागाहून दात पाडायचे, ही जुनीच लबाडी आहे. विनाछिद्र पेनी रेड ढिगाने मिळते, आर्चर नाही.

लॉटची पूर्ण किंमत आणि दोन्ही वेळचा टपालखर्च परत करावा, तसेच हे वर्णन संकेतस्थळावरून काढावे. वर्णनावर ठाम असाल तर लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीच्या तज्ज्ञ समितीचे प्रमाणपत्र स्वखर्चाने मागवा. तोवर रक्कम अडवून ठेवू नका. ई-कॉमर्स नियम २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवे. तसे न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करेन.

सोबत: पावती, दोन्ही तिकिटांच्या कोपऱ्यांचे व कडांचे मोठे केलेले फोटो.

आपला,
लॉटचा खरेदीदार