हार कुठे घालायचा?

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर एवढंच सांगता आलं की जुनं विमान विकलं आणि दुसरं घेतलं, जेट आहे. बाबा, तुम्ही लगेच विचारलंत, "किती पळतं?" आई, तू विचारलंस, "हार कुठे घातलास?" आणि तेवढ्यात रेंज गेली. दोन्ही उत्तरं फोनवर मावणारी नाहीत, म्हणून पत्र लिहितेय. दादाला मोठ्याने वाचायला सांगा. मधे एका जागी तो अडखळेल आणि पुढे उडी मारायला बघेल. मारू देऊ नका.

आधी बाबांचा प्रश्न. फारसं पळत नाही. जुनं टीबीएम ८५० ताशी ३२० नॉट जायचं, म्हणजे साधारण ५९० किलोमीटर. हे सेसना सायटेशन मस्टँग जाऊन जाऊन ३४० नॉट, म्हणजे ६३०. बॉयसीच्या घरून फिनिक्सच्या लॅबला जाताना आठ-दहा मिनिटं वाचली तर वाचली. त्या दहा मिनिटांसाठी इंधन मात्र तासाला २२५ लिटरऐवजी ३५०च्या घरात. "मग घेतलंस कशाला?" हे तुम्ही आत्ता म्हणालात ना बाबा, मला इथे ऐकू आलं. नवंकोरंही नाही. मस्टँग २००६ साली बाजारात यायला लागलं, २०१७ साली कंपनीने ते बनवणं बंद केलं. जुन्याचे जे आले त्यात थोडीच भर घालावी लागली.

आता ती अडखळायची जागा. मागच्या फेब्रुवारीत मी बोझमनहून रात्री एकटीच घरी येत होते. खाली सॉटूथचे डोंगर, बर्फ, आणि एकही दिवा नाही. आपल्याकडे कुंभार्लीत रात्री निदान एखाद्या धनगरवाड्याचा तरी उजेड दिसतो. तिथे काही नाही. अशात ऑइल प्रेशरचा आकडा हळूहळू खाली सरकायला लागला. इंजिन एकच. पडद्यावर एक वर्तुळ दिसतं: इंजिन थांबलं तर तरंगत कुठवर जाता येईल ते. त्या वर्तुळात धावपट्टी नव्हती. ती पुढची अकरा मिनिटं मी काय केलं, तर आकड्याकडे पाहिलं, वर्तुळाकडे पाहिलं, परत आकड्याकडे पाहिलं. मग वर्तुळाच्या कडेला बॉयसी आलं आणि मी उतरले. मेकॅनिकने सकाळी सांगितलं की इंजिन ठणठणीत आहे, सेन्सर खोटं बोलत होता. त्या पीटी६ इंजिनाबद्दल माझी आजही काडीची तक्रार नाही, जगात इतकी भरवशाची इंजिनं थोडीच असतील. पण त्या रात्री तुमच्या जावयांना मी घरी येऊन सांगितलं आणि ते काहीच बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. तुम्हाला तेव्हा कळवलं नाही, रागवा हवं तर. या विमानाला इंजिनं दोन आहेत. घेतलं ते यासाठी.

बाबा, हे चालवायला शिकताना तुमची फार आठवण झाली, उगाच नाही. घाट उतरताना न्यूट्रल मारणाऱ्या ड्रायव्हरला तुम्ही कसं झापायचात! गाडी गिअरमध्ये ठेव, इंजिन धरून ठेवतं, ब्रेक शेवटी. टीबीएमचा पंखा तेच काम करायचा. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा दांडा, मागे ओढला की ते एवढं मोठं चक्र वाऱ्याला आडवं येतं आणि विमान कुणी मागून शेपूट धरल्यासारखं हळू होतं. उतरल्यावर आणखी मागे ओढला की पंख्याची पाती उलटी वळून हवा पुढे फेकायची, ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावायचीही गरज पडायची नाही. पंधरा वर्षं मी त्या पंख्याच्या जिवावर उशिरा खाली उतरण्याची चैन केली. जेटला हे काहीच नाही. थ्रॉटल पूर्ण मागे घेतला तरी इंजिनं थोडं ढकलतच राहतात आणि अंग गुळगुळीत. घाटात न्यूट्रलला सुटलेली एसटी, अगदी तीच. म्हणून ४१,००० फुटांवरून उतरायचं तर २००हून जास्त किलोमीटर आधीच उतरायला लागायचं. हजार फुटांना तीन सागरी मैल, हा हिशेब तोंडपाठ. पंखांवर वेग मोडायच्या फळ्या आहेत, पण त्या उघडाव्या लागल्या म्हणजे आधी कुठेतरी आपलं चुकलेलं असतं. रनवेवर टेकल्यावर उलटी हवा नाही, फक्त ब्रेक. त्यामुळे वेग मोजूनमापून आणायचा: दहा टक्के जास्त आणला तर थांबायला एकवीस टक्के जास्त रस्ता लागतो. जमिनीवर नुसतं हळूहळू चालवतानाही ते आपलं आपण पुढे सरकत असतं. पहिल्या दिवशी हँगरपासून पंपापर्यंत जाताना मी ब्रेकवर इतकी उभी होते की पोटऱ्या दुखल्या.

जेट चालवायला अमेरिकेत त्या त्या विमानाचं वेगळं रेटिंग, म्हणजे लायसनवर वेगळी परवानगी, घ्यावी लागते, टीबीएमला ती भानगड नव्हती. त्यासाठी कॅन्सासमध्ये विचिटाला दोन आठवडे सिम्युलेटरमध्ये होते. छप्पन्नाव्या वर्षी रात्री हॉटेलात पाठांतर! तिथे मुख्य धडा एकच. उडण्याआधी रनवेवर धावताना वेगाचा एक आकडा ठरवलेला असतो, त्याला व्ही-वन म्हणतात. त्याच्या आधी काही बिघडलं तर थांबायचं. त्याच्यानंतर बिघडलं तर थांबायचं नाही, उरलेल्या इंजिनावर उडायचंच, कारण थांबायला पुढे रस्ता उरलेला नसतो. वजन किती, ऊन किती, रनवे किती उंचीवर, त्यावर हा आकडा रोज बदलतो. भरलेली गाडी आणि रिकामी गाडी, तुम्हाला काय सांगायचं.

पहिल्याच दिवशी इन्स्ट्रक्टरने व्ही-वन उलटल्यावर डावं इंजिन बंद केलं. चाकं नुकती सुटली होती. आणि मी नाक खाली दाबलं. एका इंजिनाच्या विमानात तेच करायचं असतं: इंजिन गेलं, नाक खाली, समोर मिळेल तिथे टेकव. हाताला पंधरा वर्षांची सवय, मला विचारलंसुद्धा नाही त्याने. पडदा लाल झाला. इन्स्ट्रक्टर एक शब्द बोलला नाही, पाण्याचा घोट घेतला आणि विमान परत रनवेच्या तोंडाशी आणून ठेवलं. पुन्हा. नाक वर धरून ठेव, चालू इंजिनाच्या बाजूचा पाय दाब, उंची घे, मग बघू काय बिघडलंय. त्या दोन आठवड्यांत हे किती वेळा केलं याची मोजदाद ठेवली नाही. नवं शिकणं सोपं गेलं, हाताने जुनं सोडायला मात्र नववा दिवस उजाडला.

पास झाले. लायसनवर 'सीई-५१०एस' असं लिहून आलंय, त्यातला शेवटचा 'एस' म्हणजे एकटीने चालवायची परवानगी. विमावाल्यांना ते पुरेसं वाटलं नाही, तेव्हा पहिले ५० तास शेजारी एक निवृत्त एअरलाइन कॅप्टन बसतात. गृहस्थ शांत आहेत. मी वेगात चुकले की नुसतं घड्याळाकडे बघतात. आणि आता दर वर्षी परीक्षा, ती चुकत नाही.

आई, तुझ्या बीपीचं डॉक्टरांना विचारलंस का? आत केबिनमध्ये हवा भरलेली असते. आपण बारा-साडेबारा किलोमीटरवर असलो तरी आत जास्तीत जास्त आठ हजार फुटांवर असल्यासारखं वाटतं, म्हणजे शिमल्यापेक्षा थोडं उंच. मोठ्या विमानातही साधारण असंच असतं आणि त्यातून तू दोनदा आलीच आहेस. मी एकटी असताना ३५,००० फुटांच्या वर गेले तर ऑक्सिजनचा मास्क लावूनच बसावं लागतं, नियम आहे. बरेच जण लावत नाहीत. मी लावते, कारण त्या उंचीवर हवा गेली तर शुद्धीत राहायला पंधरा-वीस सेकंद मिळतात, आणि मला चष्मा सापडायलाच तेवढी लागतात. मास्कमधून बोलले की कंट्रोलरला माझा आवाज दमेकऱ्यासारखा येतो.

आता हार. टीबीएमला तू पंख्याच्या मधोमध घातला होतास, किती शोभला होता. याला पंखा नाही. नाकाशी घालावा तर तिथे वेग मोजायच्या नळ्या. इंजिनाजवळ तर फुलं नेताच येत नाहीत, समोर पडलेला खडासुद्धा ते आत ओढून घेतं. शेवटी झेंडूचा हार दाराच्या कडीला अडकवला, हळदकुंकू लावलं, फोटो काढला आणि लगेच उतरवला. नारळ पार लांब, कुंपणापाशी गवतात फोडला. तरी वारा सुटलाच. मग मी आणि ते कॅप्टन, दोघं गुडघ्यांवर बसून सिमेंटवरच्या झेंडूच्या पाकळ्या वेचत होतो. हे काय चाललंय असं त्यांनी विचारलं नाही. मूठभर पाकळ्या आणून दिल्या आणि म्हणाले, बघ, सगळ्या आल्या का.

तेव्हा पुढच्या खेपेला काय करायचं ते तूच कळव. दिवाळीनंतर येताय ना? बाबांना उजवीकडे पुढे बसवणार आहे. कशालाही हात लावायचा नाही, आधीच सांगते.

तुमची,
धाकटी

ता. क. आई, विमानात शौचालय म्हणायला आहे. पडद्याआड. निघायच्या आधी जाऊन ये.