डॉग पार्कच्या गेटची कडी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या भागातल्या डॉग पार्कबद्दल कधीपासून लिहीन लिहीन म्हणत होते, पण मागच्या गुरुवारी जे झालं त्यानंतर राहवलंच नाही. संध्याकाळी सहाची वेळ, आत बारा-तेरा कुत्री, आमची चिंगी (देशी आहे, पावसात पार्किंगमध्ये सापडलेली) एका लॅब्राडोरच्या मागे धावतेय, तेवढ्यात कुणीतरी आत आलं आणि बाहेरच्या गेटला दिवाळीपासून कडीच नाहीये त्यामुळे ते सुतळीने बांधलेलं असतं, ती सुतळी त्या बिचाऱ्याने सोडली ती परत बांधलीच नाही आणि आतलं गेट उघडलं, चिंगी सुसाट रस्त्यावर. रिक्षावाल्या दादांनी करकचून ब्रेक मारला म्हणून वाचली. मी एकीकडे, माझी चप्पल भलतीकडे. दादांनी चार शब्द सुनावले ते ऐकून घेतले, काय बोलणार, बरोबरच होतं त्यांचं.

ज्यांनी असं पार्क बघितलं नाहीये त्यांच्यासाठी सांगते, दोन गेट असतात ती शोभेला नसतात. पहिल्यातून आत यायचं, ते लावायचं, मधल्या छोट्या जागेत पट्टा सोडायचा आणि मगच दुसरं उघडायचं. म्हणजे एका वेळी एकच गेट उघडं, कुत्रं निसटलं तरी मधेच अडकतं. सगळं पार्क त्या एका कडीवर चालतं हो! कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते, आमच्या ग्रुपच्या एका वडापावच्या बिलाहून स्वस्त. त्यासाठी मी तीन अर्ज केलेत, तिन्हीची पोच आहे, कडी नाही. आणि याच काळात पार्कात नवीन काय आलं तर सेल्फी पॉइंट! मोठं लाल हार्ट, त्यात 'आय लव्ह माय डॉग', रात्री लाइट लागतात. कुत्र्यांनी त्याचा काय उपयोग करून घेतला ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

पाण्याचा टब बघा, शेवाळं धरलंय. माळीकाका चांगले आहेत, पण त्यांच्याकडे तीन बागा, आणि टब घासायचं काम त्यांचं की ठेकेदाराचं हे कुणी ठरवलेलंच नाही. कडेला गाजरगवत कंबरेएवढं, रोज घरी गेल्यावर चिंगीच्या कानातून गोचीड काढत बसायचं. पावसाळ्यात तर आम्ही जातच नाही, पाणी साचतं, उंदीर फिरतात, लेप्टो (उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा आजार) माणसांनाही होतो, २६ जुलैच्या पुरानंतर मुंबईत काय झालं ते आठवतंय ना.

पण नुसतं प्रशासनाच्या नावाने खडे फोडून चालणार नाही, आम्ही कुत्रेवाले तरी कुठे धुतल्या तांदळासारखे आहोत. अर्धी मंडळी आत शिरली की फोनमध्ये, कुत्रं कोपऱ्यात बसलेलं दिसलं की बरोब्बर दुसरीकडे बघायचं. एकाला मी पिशवी पुढे केली तर म्हणतो, 'मातीच आहे ना, खत होईल.' अहो कुत्र्याची शी म्हणजे शेणखत नव्हे, त्यातून जंत पसरतात, पिल्लांच्या जिवावर बेतणाऱ्या पार्वो रोगाचा विषाणू तर मातीत महिनोन्महिने टिकतो. त्याच मातीत कुणीतरी दोन महिन्यांचं पिल्लू आणून सोडतं, त्याचे लसीचे डोस पूर्ण व्हायला साधारण चार महिन्यांचं व्हावं लागतं हे माहीतच नसतं. गेटवर लसीचं कार्ड बघायला कुणी नाही, बघितलं तर भांडण. वर मला विचारतात, 'देशी कुत्रं का आणता इथे?' तिची रेबीजची लस दर वर्षी वेळेवर होते, तुमच्या हस्कीचं कार्ड दाखवा म्हटलं, तर गप्प. (मे महिन्याच्या उन्हात इथे बर्फातली हस्की पाळणाऱ्यांवर वेगळं पत्र लिहावं लागेल.)

हैदराबादला कोंडापूरमध्ये २०१८ साली कचरा टाकायच्या जागेवर १.३ एकरात डॉग पार्क केलं, तिथे छोट्या आणि मोठ्या कुत्र्यांना वेगळी जागा आहे. आमच्याकडे पॉमेरेनियन आणि रॉटवायलर एकाच जाळीत, मग एखादी आजी आपलं पॉम छातीशी धरून पूर्ण वेळ बाकावरच बसते. जागा कमी आहे मान्य, पण मधोमध साडेतीन फुटी जाळी टाकली तरी भागेल, नाहीतर वेळा वाटून द्या. अमेरिकेत बर्कलीला १९७९ साली असं पार्क सुरू झालं, तिथे कुत्रेवाल्यांनीच संघटना करून देखभालीत हात घातला. आपल्याकडे सोसायटीच्या गणपतीला वर्गणी, ड्युट्या, हिशोब सगळं जमतं की, मग इथे का नाही? आठवड्याला एका घराकडे टब घासायचं आणि पिशव्या भरायचं काम, गवत आणि कचरा उचलणं ठेकेदाराकडे, आणि गेटवर कोणाला फोन करायचा त्याचा नंबर. एवढं लेखी करून द्या म्हणून चौथा अर्ज दिलाय.

तोवर कडीसाठी थांबणार नाही. येत्या रविवारी सकाळी सातला आम्ही सहा-सात जण मिळून ती बसवतोय, ड्रिलवाला सांगून ठेवलाय. सरकारी मालमत्तेला विनापरवाना हात लावला म्हणून नोटीस काढायची असेल तर खुशाल काढा, माझा पत्ता चारही अर्जांवर आहे.

आपली नम्र,
चिंगीची आई